लोहमार्गाची वेळ आणि घड्याळजीची खूण

पूर्व रेखांशाच्या ७९ अंश ३९ कलांच्या सुमारास वसलेल्या भंडारा गावाला, सूर्याच्या हिशेबाने पाहू गेल्यास, स्वतःची अशी एक वेळ आहे. आणि ज्या वेळेने आज आपल्या कचेऱ्या उघडतात, शाळांच्या घंटा होतात व मुंबई-हावडा मार्गावरील गाड्या धावतात, तिच्याहून ती सुमारे साडेअकरा मिनिटांनी मागे असते. एकोणिसाव्या शतकाची सत्तर-ऐंशी वर्षे उलटेपर्यंत या गावाचा व्यवहार त्या स्थानिक वेळेवरच चालत असे, आणि ती मोजण्यासाठी कोणाला खिशात यंत्र बाळगावे लागत नसे. दिवसरात्रीच्या साठ घटिका, एका घटिकेची साठ पळे, आणि घटिका म्हणजे आजची चोवीस मिनिटे, हे गणित पंचांगात होते. लग्नाच्या मुहूर्तासाठी घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक छिद्र पाडलेले घटिकापात्र सोडून ते भरून बुडेपर्यंत वाट पाहिली जात असे. आणि उरलेल्या सगळ्या कामांना सूर्य पुरे होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा सुभा स्थापन झाला आणि भंडारा हा त्याचा एक जिल्हा झाला, तरी या बाबतीत फारसा फरक पडला नाही. डेप्युटी कमिशनराच्या कचेरीत खजिन्यावरचा पहारेकरी तासाचे टोल देई, मालगुजार किस्तीचा पैसा घेऊन हजर होई, आणि शिरस्तेदार पावती लिहून देई. जमाबंदीच्या दप्तराला तारीख लागत असे, मिनिट लागत नसे.

मिनिटाची गरज निर्माण केली ती लोहमार्गाने. छत्तीसगडचे धान्य बाहेरच्या बाजारात यावे व दुष्काळाच्या साली तिकडे-इकडे हलविता यावे, या हेतूने सरकारने बांधलेला नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटरमापी मार्ग १८८२ मध्ये राजनांदगावपर्यंत पोहोचला. पुढे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला, आणि १८९१ मध्ये आसनसोलपर्यंतची सलग वाट खुली झाली. या वाटेने जिल्ह्याला पश्चिमेकडून पूर्वेकडे छेदले. परंतु जिल्ह्याच्या मुख्य गावाला मात्र तिने टाळले. भंडाऱ्याचे स्थानक झाले ते वरठीला, आणि त्याला नाव मिळाले भंडारा रोड. तांदळाची पेठ असलेल्या तुमसरचे स्थानक झाले देव्हाडीला, आणि ते झाले तुमसर रोड. गोंदिया तेवढे थेट मार्गावर होते. ते तेव्हा याच जिल्ह्यात मोडत असे आणि १९९९ च्या मे महिन्यात वेगळा जिल्हा होईपर्यंत मोडत राहिले. १९०५ पर्यंत गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अरुंदमापी सातपुडा रेल्वे पुरी झाली, आणि या साध्या गावाचे महत्त्वाचे जंक्शन बनले.

गाव आणि स्थानक यांच्यामधले हे काही कोसांचे अंतर वेळेच्या बाबतीतही खरे होते. देशातील बहुतेक लोहमार्गांनी १८७० च्या आगेमागे मद्रासची वेळ स्वीकारलेली होती. कारण मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढे चार तास एक्कावन्न मिनिटे, कलकत्त्याची पाच तास त्रेपन्न मिनिटे, आणि मद्रासची पाच तास एकवीस मिनिटे, म्हणजे दोहोंच्या जवळजवळ मधोमध पडणारी. शिवाय मद्रासला वेधशाळा होती आणि तिथून तारेने वेळ कळविण्याची सोय होती. वरठीच्या स्थानकातले घड्याळ त्यामुळे भंडारा गावाच्या सूर्याहून सुमारे अडीच मिनिटे पुढे चालत असे. अडीच मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे वाचकाला वाटेल, आणि मालगुजारालाही तसेच वाटले असणार. परंतु एकेरी मार्गावर समोरासमोर येणाऱ्या गाड्यांची वाटचाल ज्यांच्या हाती सोपविलेली होती, त्यांना अडीच मिनिटांचा भेद परवडण्यासारखा नव्हता. आणि म्हणून या जिल्ह्यात नेमकी वेळ प्रथम आली ती मनोऱ्यावरच्या घड्याळातून नव्हे, तर स्थानकमास्तरांच्या आणि गार्डांच्या खिशातून, असे म्हणावयास मुळीच हरकत नाही.

या खिशातल्या वेळेची शिस्त कशी लावली जात असे ते पाहण्यासारखे आहे. दररोज दुपारी चारच्या सुमारास प्रमाण वेळेचा संकेत तारेने मुख्य स्थानकांना मिळे, तिथून तो पुढच्या स्थानकांना जाई, आणि स्थानकातले भिंतीवरचे घड्याळ त्याबरहुकूम लावले जाई. गाडी सुटण्यापूर्वी गार्डाने आपले घड्याळ स्थानकाच्या घड्याळाशी जुळवावयाचे, मग ड्रायव्हरला वेळ सांगावयाची, आणि ड्रायव्हरने आपले घड्याळ त्याप्रमाणे लावून घ्यावयाचे: हा नियम लोहमार्गाच्या सर्वसाधारण नियमावलीत आजतागायत कायम आहे. म्हणजे मद्रासच्या वेधशाळेतून तारेने निघालेली वेळ भिंतीवर उतरावी, भिंतीवरून गार्डाच्या तळहातावर यावी आणि तिथून तोंडी इंजिनावर चढावी, अशी ती परंपरा होती. गाडी प्रत्येक स्थानकात केव्हा आली, केव्हा सुटली, हे गार्ड आपल्या रोजनाम्यात मिनिटानिशी टिपी. स्थानकमास्तर आपल्या नोंदवहीत टिपी. आणि दोघांच्या आकड्यांत तफावत पडली की वरच्या कचेरीतून खुलाशाचा कागद आलाच म्हणून समजावे.

इथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अमेरिकेत ओहायो संस्थानातील किप्टन येथे १८ एप्रिल १८९१ च्या आसपास दोन गाड्यांची टक्कर झाली, ती एका ड्रायव्हरचे घड्याळ चार मिनिटे बंद पडून पुन्हा आपोआप चालू झाल्यामुळे, अशी कथा घड्याळांच्या इतिहासात हटकून सांगितली जाते. आणि तिच्यामुळेच वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला रेल्वे कंपन्यांनी घड्याळांच्या तपासणीचे काम दिले, आठवड्याला तीस सेकंदांहून अधिक चूक करणारे घड्याळ बाद ठरू लागले, हेही खरे आहे. परंतु तिकडच्या कित्येक मार्गांवर गाड्यांचा परस्परांपासूनचा बचाव केवळ वेळापत्रकावर आणि खिशातल्या घड्याळावर अवलंबून होता. आपल्याकडे पुढच्या स्थानकाने तारेने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज गाडी सोडता येत नसे, आणि त्यामुळे घड्याळ बंद पडले तर जीव जाण्यापेक्षा पगारातून दंड जाण्याचा प्रसंग अधिक संभवनीय होता. ही गोष्ट कमी नाट्यमय आहे, पण बंगाल नागपूर रेल्वेच्या गार्डाने आपले घड्याळ जपण्याची कारणे त्यामुळे कमी होत नाहीत. पगार महिन्याकाठी मिळे. खुलासा रोज मागितला जाण्याची शक्यता होती.

ही घड्याळे येत कुठून? आरंभी इंग्रजी, कॉव्हेंट्री व प्रेस्कॉट येथल्या कारागिरांची, जाडजूड, मागच्या झाकणातून किल्ली घालून चावी द्यावयाची. त्यांच्यापैकी जुन्यांत कमानीचे बळ शंकूवर गुंडाळलेल्या एका अतिसूक्ष्म साखळीने चक्रांपर्यंत पोहोचविलेले असे. मग अमेरिकेहून वॉल्थॅमची. आणि नंतर, लाटेसारखी, स्वित्झर्लंडची. फाव्र-ल्यूबा ही पेढी १८६० च्या दशकात मुंबईशी जोडली गेली होती. १८८६ मध्ये मुंबईतच वेस्ट एंड वॉच कंपनीची स्थापना झाली, तिने कलकत्त्यातही दुकान थाटले, आणि ‘क्वीन ॲन’सारखी तिची खिशातली घड्याळे लष्करात, पोलिसांत आणि रेल्वेत इतकी पसरली की, वेस्ट एंड म्हणजे चांगले घड्याळ, असे समीकरणच होऊन बसले. टपाल खात्याने १८७७ पासून व्ही. पी. ची पद्धत सुरू केलेली होती. त्यामुळे मुंबईच्या पेढीचे घड्याळ भंडाऱ्याच्या पोस्टात येऊन पडावे आणि पैसे मोजून सोडवून घ्यावे, ही गोष्ट आडगावच्या मास्तरालाही शक्य झाली. ज्याला तेवढेही परवडत नसे त्याच्यासाठी रॉसकॉफ पद्धतीचे घड्याळ होते. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ या गृहस्थाने कामकऱ्यालाही घेता यावे असे घड्याळ कल्पून, चक्रे कमी केली, माणकांच्या जागी पोलादी टाचण्या वापरल्या, सगळे यंत्र सत्तावन्न भागांत बसविले, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याबद्दल पदक मिळविले. त्याच्या नकला जगभर निघाल्या, आणि पांढऱ्या तबकडीवर आगगाडीचे इंजिन चितारलेली ती टिकटिक-मोठी घड्याळे आपल्याकडच्या बाजारांतही दीर्घकाळ फिरत राहिली. घड्याळजी लोक त्यांच्याकडे थोड्या तुच्छतेनेच पाहत, आणि त्यात त्यांचे सगळेच चुकत होते असे नाही; झिजलेल्या टाचणीला दुरुस्ती नसते.

आता या जिल्ह्याची हवा आणि हे यंत्र यांचे सख्य कसे होते तेही पाहावे. वैशाखात इथला पारा ४५ अंशांना भिडतो, आणि पौषातल्या पहाटे तो दहाच्या आसपास उतरतो. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग आणि साधा पितळी बॅलन्स असलेले घड्याळ उष्णता एका अंशाने वाढली की दिवसाला सुमारे अकरा सेकंद मागे पडते. कारण उष्णतेने ती बारीक कमान शिथिल होते. म्हणजे वीस अंशांच्या फरकाला दिवसाकाठी साडेतीन मिनिटांहून अधिक, आठवड्याला पंचवीस! या दोषाच्या निवारणार्थ बॅलन्सचे कडे पोलाद आणि पितळ अशा दोन धातूंच्या जोडपट्टीचे करून ते दोन ठिकाणी कापण्याची युक्ती अठराव्या शतकातच निघाली होती. ऊन वाढले की कड्याची टोके आत वाकतात, बॅलन्सचा आवाका आटोपता होतो आणि कमानीच्या शैथिल्याची भरपाई होते. पुढे शार्ल गियोम याने निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंचा शोध लावून या कटकटीचे मूळच उपटले, आणि त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गार्डाच्या खिशातल्या घड्याळासाठी नोबेल पारितोषिक, असे थोड्या अतिशयोक्तीने म्हटले तरी चालेल. परंतु धुळीवर पारितोषिकाचा उपाय नव्हता. इंजिनाचा कोळसा, तुमसर-गोंदियाच्या गिरण्यांतला तांदळाचा कोंडा, आणि चिखला व डोंगरी बुजुर्ग येथल्या मँगनीजच्या खाणींतून रुळांवर येणाऱ्या मालाची ती काळी भुकटी, ही सगळी घड्याळाच्या झाकणाच्या फटीतून आत शिरत. पावसाळ्यात दमट हवेने पोलादी भागांवर गंजाचे ठिपके येत. तारयंत्राच्या चुंबकाजवळ घड्याळ काढून ठेवण्याची ज्या मास्तरांना सवय, त्यांच्या घड्याळाची हेअरस्प्रिंग चुंबकित होऊन तिचे वेढे एकमेकांना चिकटत आणि घड्याळ तासाला काही मिनिटे पुढे धावू लागे. बिचाऱ्याला आपले घड्याळ एकाएकी शहाणे झाले असे वाटे.

अशा वेळी गाठावा लागे तो घड्याळजी. त्याच्याविषयी कागदोपत्री जवळजवळ काहीच नाही. मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांतला भंडाऱ्याचा खंड १९०८ मध्ये आर. व्ही. रसेल यांनी सिद्ध केला. पितळी भांड्यांसाठी सर्वदूर नाव असलेल्या या गावाच्या कासारकामाची वास्तपुस्त त्यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी केली, कोष्ट्यांच्या लुगड्यांची केली, तांदळाच्या जातींची केली. खिशातली घड्याळे दुरुस्त करणारा, एका खणाच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा मनुष्य मात्र खानेसुमारीच्या कोणत्या तरी रकान्यात विरून गेला. बरे, त्यानेही स्वतःची दप्तरे ठेवली नाहीत. त्याने ठेवली ती एकच नोंद. आणि ती वाचावयाची तर घड्याळच उघडावे लागते.

म्हणून ते उघडावे. समजा, विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतले, चांदीच्या कवचाचे, पंधरा माणकांचे एक स्विस लिव्हर घड्याळ घड्याळजीच्या मेजावर आले आहे, आणि ते चार तास चालून थांबते अशी मालकाची तक्रार आहे. मागचे झाकण नखाने उचकटले की आत एक दुसरे, धूळ अडविणारे झाकण लागते. आणि या दोन झाकणांच्या आतल्या अंगाला, भिंग लावून आणि प्रकाश तिरपा पाडून पाहिले, तर सुईच्या टोकाने ओरखडलेल्या बारीक बारीक खुणा दिसू लागतात. एखादा आकडा, एखादी तारीख, आद्याक्षर, कधी नुसता स्वस्तिकासारखा आकार. घड्याळ दुरुस्त करून देताना प्रत्येक घड्याळजी आपली खूण त्यावर ओढून ठेवीत असे. म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आले, तर आपण ते केव्हा हाताळले होते, हे त्याला कळावे आणि ‘गेल्या महिन्यातच तर केले होते’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला उत्तर देता यावे. अशा पाच-सात खुणा एका झाकणात असणे मुळीच अपवादात्मक नाही. त्यांचे हस्ताक्षर निरनिराळे असते. एकाच घड्याळावर रोमन, देवनागरी आणि कधी बंगाली वळणाचे आकडे शेजारी शेजारी दिसले, तर ते कलकत्त्यापासून नागपूरपर्यंत धावलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याचे असावे, असा तर्क करावयास जागा असते.

यानंतर खरे काम. प्रथम कमानीतले बळ उतरवावयाचे. चावीच्या चक्राला अडविणारा खटका चिमट्याने किंचित मागे धरून चावीची बोंडी बोटांत सावकाश उलटी सोडीत नेली की कमान निमूटपणे सैल होते. ही पायरी गाळून कोणी लिव्हर काढला, तर साठलेले सगळे बळ एका क्षणात सुटून चक्रे भिंगरीसारखी फिरतात आणि एखादा दाता वाकतो किंवा चूळ तुटते. मग काटे, तबकडी कागदाने झाकून. मग तबकडी, तिच्या पायांचे स्क्रू ढिले करून. मुलामा दिलेली तबकडी म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर वितळविलेली काच. ती वाकत नाही, तडकते. मग बॅलन्स, त्याच्या पुलासकट अलगद उचलून. त्याच्या आसाच्या चुळीची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी, आणि तिच्यावर ते कडे तासाला अठरा हजार झोके घेते, दिवसाला चार लाख बत्तीस हजार. गाडीच्या पायरीवरून उतरताना घड्याळ खिशातून निसटून फलाटावर पडले म्हणजे मोडते ती ही चूळ. नवा आस मुंबईहून मागविता येई. पण त्याला वेळ लागे, आणि गार्डाला तेवढे थांबता येत नसे. तेव्हा हाताच्या धनुकलीने फिरणाऱ्या इवल्या लेथावर पोलादाच्या तारेतून तो कातून काढणारा कारागीर, हाच खरा घड्याळजी मानला जाई. बाकीचे, जुन्या भाषेत बोलावयाचे तर, नुसते सफाईवाले.

सफाईला कमी लेखण्याचे मात्र कारण नाही. आपल्या या घड्याळाचे दुखणे तेवढेच होते. चार तास चालून थांबणे म्हणजे बहुधा तेल वाळणे. जुन्या काळी घड्याळाचे उत्तम तेल अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डहून येई, आणि ते डॉल्फिनसारख्या जलचरांच्या जबड्यातून काढलेले असे. थंडीत न गोठणारे आणि लवकर न आंबणारे असे त्याचे गुण होते. परंतु भंडाऱ्याच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तेही पसरते, धुळीशी कालवते आणि माणकाच्या भोकात तपकिरी रोगणासारखे घट्ट बसते. मग सगळी चक्रे पेट्रोलात किंवा बेंझिनात धुवावयाची. लाकडाच्या काडीला टोक काढून ती माणकाच्या प्रत्येक भोकात फिरवावयाची, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत नवे नवे टोक काढीत. ब्रशावर खडू घासून पितळी पट्ट्या झाडावयाच्या. कमानीची डबी उघडून कमान पुसावयाची, तिला भेग नाही ना ते पाहावयाचे. हे झाल्यावर जोडणी, उलट क्रमाने. आणि शेवटी तेल. नवशिका चुकतो तो इथे. तेलाचा थेंब माणकाच्या वाटीच्या निम्म्याहून कमी भरावा, दात्यांना तेल देऊ नये, आणि हेअरस्प्रिंगला तर तेलाचा स्पर्शही होऊ देऊ नये. कारण जास्त तेल थांबत नाही, ते पातळ पदराने चहूकडे सरकते आणि ज्या चुळीला हवे तिलाच कोरडे ठेवते.

घड्याळ चालू झाले म्हणजे ते दुरुस्त झाले असे कोणी समजू नये. ते तबकडी वर करून, तबकडी खाली करून, आणि खिशात असते तसे बोंडी वर करून, अशा निरनिराळ्या अवस्थांत चोवीस-चोवीस तास ठेवून त्याची चूक टिपली जाई, आणि नियामकाचा काटा केसाएवढा इकडे-तिकडे सरकविला जाई. पण चूक टिपावयाची कशाशी ताडून? गावात प्रमाण होते कुठे? वर सांगितलेली सगळी परंपरा इथे उलटी फिरत असे: तारेच्या संकेताची खरी वेळ फक्त स्थानकावर होती, आणि घड्याळ दुरुस्त करणाऱ्यालाही आपले प्रमाण-घड्याळ जुळवावयाचे तर स्थानकाच्या वेळेचाच आधार घ्यावा लागे, स्वतः जाऊन अथवा कोणा गार्डाच्या हस्ते. गार्डाला घड्याळजी लागे आणि घड्याळजीला गार्ड.

ही व्यवस्था स्थिर झाली न झाली तोच वेळ बदलली. १ जुलै १९०५ पासून रेल्वे व तारखात्याने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने साऱ्या हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तासांची प्रमाण वेळ मान्य केली. मद्रास वेळेवर चालणारी स्थानकांची सगळी घड्याळे नऊ मिनिटे पुढे सरकली. ज्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावरून ही वेळ मोजावयाची, ते वृत्त याच लोहमार्गाला गोंदियाच्या पूर्वेस, बिलासपूर आणि चांपा यांच्या दरम्यान ओलांडते. म्हणजे बंगाल नागपूर रेल्वेचा गार्ड आपल्या कामाच्या वाटेवर देशाच्या मध्यान्हरेषेखालून जात असे. मुंबईत या फेरबदलाने मोठे वादळ उठले. तिथला फरक एकोणचाळीस मिनिटांचा होता; जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी जानेवारी १९०६ मध्ये नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले, महापालिकेने आपली मुंबई वेळच चालू ठेवली, आणि ती पुरती लोपावयास १९५५ साल उजाडावे लागले. भंडाऱ्याच्या वाट्याला साडेअकराच मिनिटे आली, आणि माझ्या मते इथे वेळेच्या बदलाचा बोजा नागरिकांवर नव्हे तर खिशातल्या यंत्रांवर पडला: नऊ मिनिटे काटा सरकविणे ही क्षुल्लक गोष्ट, पण जुन्या किल्लीच्या घड्याळांत त्यासाठी काच उघडून काट्यांच्या चौकोनी बुंध्यावर किल्ली बसवावी लागे, आणि घाईने किल्ली घसरली की तबकडीला तडा. पुढे दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत घड्याळे आणखी एक तास पुढे ठेवण्याचे फर्मान निघाले. तेव्हा भंडाऱ्याचा सूर्य डोक्यावर यावयास घड्याळात सव्वा वाजू लागला. पण तोवर घड्याळे बोंडीने फिरणारी झाली होती.

कंपन्यांची आद्याक्षरे कवचावर कोरलेली घड्याळे त्या कंपन्यांपेक्षा अधिक जगली. बंगाल नागपूर रेल्वे १ ऑक्टोबर १९४४ रोजी सरकारजमा झाली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत विलीन झाली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे झाली, आणि हा टापू २००३ मध्ये बिलासपूरच्या नव्या क्षेत्रीय रेल्वेकडे गेला. १९६१ पासून बंगळूरला एच. एम. टी. ची मनगटी घड्याळे निघू लागली व बघता बघता पोशाखातून घड्याळाचा खिसाच गेला. ऐंशीच्या दशकात क्वार्ट्झ आले, आणि तेल, चूळ, कमान या तिन्ही चिंता एकदमच मिटल्या. निवृत्त गार्डांच्या घरी साखळीचे घड्याळ देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात पडून राहिले. ते आता पुन्हा बाहेर येऊ लागले आहे. कारण नातवंडांना ते आजोबांचे म्हणून हवे असते आणि शहरातल्या हौशी संग्राहकांना जुने म्हणून.

या नव्या गिऱ्हाइकीने घड्याळजीपुढे एक नवीच अडचण उभी केली आहे. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून एक घड्याळ जगविण्यासाठी त्याच जातीचे दुसरे मोडावे लागते, आणि हा सौदा कारागिराला कधीच रुचत नाही. पण त्यावर इलाज नाही. ज्यावर इलाज आहे ती गोष्ट निराळी. मालकाला घड्याळ चकचकीत हवे असते, आणि बाजारात कवचाला बफ मारून देणारे पुष्कळ आहेत. ते बाहेरचे अंग उजळून थांबत नाहीत, झाकणे आतूनही घासतात, आणि वरठी, देव्हाडी, गोंदियाच्या वाटेवर शंभर वर्षे चाललेल्या या उद्योगाची जी एकमेव नोंद कारागिरांनी मागे ठेवली होती ती पाच मिनिटांत पुसून टाकतात. घड्याळ देताना, आतल्या बाजूला हात लावू नका, एवढे सांगितले तरी पुरे. आणि जमल्यास बफ मारण्यापूर्वी त्या खुणांचे, प्रकाश तिरपा पाडून, एक छायाचित्र काढून ठेवावे.